महाराजांनी शोधलेला भाऊ

मलकपेठच्या रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या फंक्शन हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे लग्नं लागायची, बिर्याणीच्या डेगा उतरायच्या, आणि गोंगाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. आज मात्र आत सारं चिडीचूप होतं, कारण आज श्री अबोलानंद महाराजांचा अबोल दरबार होता. दरबाराचा नियम एकच. भक्तानं तोंड उघडायचं नाही. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, दुखणं तर मुळीच सांगायचं नाही. नुसतं समोर जाऊन बसायचं आणि तुमच्या मनातलं महाराजांकडून ऐकायचं. थोडक्यात, मौन भक्तांचं आणि बडबड महाराजांची.

महाराज आले कुठून? कोणी म्हणे गिरनारहून, कोणी म्हणे हिमालयातून. नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारावं तर मौन. हिमालयाच्या बाजूनं एकच पुरावा होता, तो म्हणजे महाराजांच्या डोक्यावरची लोकरीची कानटोपी. मे महिन्यात हैदराबादेत डांबर चपलेला चिकटतं, त्या उन्हात हा माणूस कानटोपी घालून बसे. तिकडची थंडी हाडांत मुरलेली आहे, असं सेवक सांगत, आणि लोक घाम पुसत मान डोलवत.

तिसऱ्या रांगेत सासू-सासऱ्यांच्या मध्ये त्रिवेणी बसली होती. ती बरकतपुऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, त्यामुळे 'मला काम आहे' ही सबब चालली नव्हती. सासूबाई तारामतीबाई, ज्यांना ती आत्या म्हणे, महिनाभर मागे लागल्या होत्या. सासरे लक्ष्मणराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, अबोल दरबारातच काय, घरातही फारसे न बोलणारे. नवरा विकास गाडी लावायला जागा शोधत बाहेरच राहिला होता. अवघड वेळी जागेवर नसण्याची कला त्याला उपजतच होती.

आत येताना दारात सेवक प्रत्येकाचा फोन हातात घेत होते. "टोकन चूपिंचंडी अम्मा," म्हणत टोकन मागत, आणि टोकन नसेल तर तिथल्या तिथे फोनमध्ये 'कृपाछत्र' नावाचं ॲप घालून देत. ॲप फुकट होतं, आणि घरच्या सगळ्यांचं टोकन त्यातूनच निघे. उघडलं की घंटा वाजे, पडद्यावर झेंडूची फुलं पडत आणि प्रश्न येई, 'आपल्या सर्व आप्तेष्टांना महाराजांच्या छत्राखाली घ्यावे काय?' खाली दोन बटणं, 'घ्यावे' आणि 'नको'. आता आपल्या साऱ्या गणगोतावर कृपा होत असताना 'नको' म्हणणारा करंटा कुठून मिळायचा? सगळे 'घ्यावे' दाबत. तारामतीबाईंनी खात्रीसाठी दोनदा दाबलं होतं. त्रिवेणीनं मात्र आपला फोन मुद्दाम घरी ठेवला होता. आपण छत्राबाहेर आहोत, असं तिला वाटत होतं.

पहिले समोर गेले आबासाहेब. बेगम बाजारात त्यांचं मिरची-हळदीचं ठोक दुकान, बोटांत अंगठ्या. महाराजांनी डोळे मिटले, कानटोपीवर तळहात दाबला आणि खर्जात सुरू केलं, "बेटा, तुझा जीव दोन दारांत अडकलाय. दोन चुली पेटतात तुझ्या नावानं. एकीकडे जेवतोस आणि दुसरीकडचा घास तुझ्या घशात अडकतो. बोल, हे सत्य की असत्य? नको, बोलू नकोस, मला दिसतंय."

आबासाहेब ढसाढसा रडले. त्यांचं दुसरं घर अख्ख्या मलकपेठेला माहीत होतं, पण जे सगळ्या गावाला माहीत आहे ते हिमालयातल्या माणसाला कसं कळलं, म्हणून बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

मग या कुटुंबाची पाळी आली. महाराजांनी लक्ष्मणरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू प्रकाशाचा पुत्र आहेस. अंधारात लोक तुझंच नाव घेतात." लक्ष्मणराव चमकले. चाळीस वर्षं वीज गेली की लोक त्यांचंच नाव घेत आले होते, तेही शिव्यांसकट. मग महाराजांचा हात पुन्हा टोपीवर गेला, डोळे त्रिवेणीवर आले आणि आवाज उतरला.

"आणि ही सून. हिच्या कंठात दोष आहे."

"नाही महाराज," तारामतीबाई नियम विसरून बोलल्या, "हिला तर काहीच नाही."

महाराजांनी क्षणभर त्रिवेणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, आणि एवढं पुरेसं होतं. "तुला सांगितलं नाही, माई. लपून औषध घेते ती. त्या औषधानं दोष दबतो, जात नाही. म्हणून तुझ्या घरात पाळणा हलत नाही."

घरी पोहोचल्यावर चपला काढायच्या आधी तारामतीबाईंनी त्रिवेणीची पर्स उलटी केली. कप्प्यातून गोळ्यांची पट्टी निघाली. त्यांना त्यावरचं इंग्रजी वाचता आलं नाही, पण वाचायची गरजही वाटली नाही. महाराज खरे ठरले होते.

"थायरॉइडच्या आहेत," त्रिवेणी कशीबशी म्हणाली.

तेही खोटं होतं. गोळ्या मनाच्या होत्या. मागच्या वर्षी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत, आणि त्यानंतर तिला सकाळी डोळे उघडावेसेच वाटेनात. वर्गात फळ्याकडे तोंड करून ती रडायची आणि खडू शोधायचं नाटक करायची. शेवटी नल्लकुंट्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे ती एकटी गेली, गोळ्या सुरू झाल्या, आणि तिला पुन्हा भूक लागू लागली, मुलांची वात्रट उत्तरं वाचून हसू येऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की या गोळ्या आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. घरी सांगायची तिची हिंमत झाली नव्हती. या घरात मनाच्या दुखण्याला एकच नाव होतं, वेड, आणि वेड्या सुनेची बातमी माहेरच्या नांदेडपर्यंत पोहोचायला संध्याकाळही लागली नसती.

महाराजांचा निकाल दुसऱ्या दिवशी ॲपवर आला. औषध तत्काळ बंद. पुढच्या दरबारात सुनेला 'छत्रछाये'त सुपूर्द करावे. छत्रछाया म्हणजे शहराबाहेरचा महाराजांचा आश्रम. तिथे फोन नाही, भेट नाही, बोलणं नाही. किती दिवस, ते महाराज ठरवणार.

"जाऊन ये ना," विकास म्हणाला. "आईचं समाधान होईल, तुलाही आराम मिळेल."

"आणि नाही गेले तर?"

"त्रिवेणी, सगळ्यांसमोर त्यांनी बरोबर ओळखलं. आता मी आईला काय सांगू?" मग त्यानं विचारलं, "मला तरी का नाही सांगितलंस तू?"

"कारण तू आत्यांना सांगितलं असतंस."

विकास गाडी पुसायला खाली गेला.

त्रिवेणीनं त्या दुपारी एक गोष्ट केली. शहरातल्या मराठी मंडळींचा सोशल मीडियावर एक मोठा समूह होता, 'हैदराबादी मराठी कट्टा'. तिथे तिनं एक प्रश्न लिहिला, 'महाराज मनातलं ओळखतात, मग दारात फोन कशाला घेतात?' ना शिवी, ना आरोप. पण तासाभरात खाली दोनशे लोक तिच्या आईबापाचा उद्धार करत होते. मग प्रश्न गायब झाला. मग अनेकांनी मिळून तक्रारी केल्या म्हणून तिचं खातंच बंद झालं. समूहनियमांचा भंग, असं कारण आलं होतं. कोणता नियम, हे विचारायला समोर माणूस नव्हता, नुसतं एक चौकोनी बटण होतं, आणि ते दाबलं की तेच वाक्य पुन्हा यायचं. कट्ट्याचा चालक हर्षद, पुण्याहून आलेला, कंप्युटरमधला हुशार मुलगा. त्यानं लक्ष्मणरावांना फोन केला, "काका, वहिनींना जरा आवरा. लोकांच्या भावना दुखावतात." जे लपवायचं ते चव्हाट्यावर आणि जे बोलायचं त्याला बंदी, असा सगळा उफराटा कारभार होता.

तारामतीबाईंनी तिचा फोनही काढून घेतला आणि त्यातही कृपाछत्र घातलं.

गोळ्या बंद झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रिवेणीचं डोकं गरगरू लागलं. झोप उडाली. भिंतीला धरून चालावं लागे. तारामतीबाई म्हणत, दोष बाहेर पडतोय. त्रिवेणीला कळत होतं की जुनं दुखणं पुन्हा दार ठोठावतंय, आणि या वेळी ती एकदा आत बुडाली तर वर येणार नाही. ती घाबरली होती. घरातले सगळे तिच्याशी गोड वागत होते, हे त्याहून भयंकर होतं. चहा आयता मिळे, काम कोणी सांगत नसे, आणि बाहेरच्या दाराला आतून कुलूप असे.

पंख्याकडे बघत पडल्यापडल्या तिच्या डोक्यात त्या वाक्याचा किडा वळवळू लागला. कंठात दोष. महाराज मन म्हणाले नाहीत, डोकं म्हणाले नाहीत. कंठ म्हणाले. पण माझ्या गळ्याला तर काहीच झालेलं नाही! थायरॉइड ही थाप आहे. घरी ती दरबारानंतर मारली. त्याआधी ती कोणाला मारली होती?

एकाच बाईला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुनंदाला. नल्लकुंट्याच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात दोघी समोरासमोर आल्या होत्या. पहिल्या मजल्यावर थायरॉइडचे डॉक्टर, दुसऱ्यावर मनाच्या डॉक्टरीणबाई. त्रिवेणी पटकन म्हणाली होती, थायरॉइडसाठी आले. मग सर्वज्ञ महाराजांना तिची खरी व्यथा कळली नाही आणि थाप तेवढी कळली? मनातलं वाचणाऱ्याला मनातलं खोटं ओळखू येऊ नये?

कपडे वाळत घालायचं निमित्त करून तिनं सासऱ्यांकडून कुलूप उघडून घेतलं आणि ती गच्चीवर गेली. सुनंदा तिथे कुरडया उलथत होती.

"तू सांगितलंस ना आश्रमवाल्यांना? माझ्या थायरॉइडचं?"

"मी? कैकू सांगू मी?" सुनंदा भडकली. "लेकराची शपथ, माझ्या नवऱ्याला नाही बोलले. तुझी गोष्ट माझ्या पोटात आहे."

"मग कळलं कसं?"

तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. खाली तारामतीबाईंना सून दिसेना, म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या त्रिवेणीच्याच फोनवरून शेजारणीला फोन लावला होता. कुरडयांच्या ताटाशेजारी ठेवलेल्या फोनवर नाव उमटलं, 'त्रिवेणी थायरॉइड'.

दोघी त्या नावाकडे बघत राहिल्या. फोन वाजून वाजून थांबला.

"अगं, चार त्रिवेणी आहेत माझ्या फोनमध्ये," सुनंदा ओशाळून म्हणाली. "एक त्रिवेणी भिशी, एक त्रिवेणी ब्लाउज, एक त्रिवेणी नणंदेची जाऊ. ओळखायचं कसं? म्हणून लिहिलं."

"कृपाछत्र आहे तुझ्याकडे?"

"हौ. सगळ्यांकडेच आहे."

"आणि आप्तेष्टांना छत्राखाली घेतलंस."

सुनंदाचा हात तोंडावर गेला. आप्तेष्ट म्हणजे दुसरं काय, फोनमधली सगळी नावं आणि नंबर. तिनं नावांवरून बोट फिरवलं. 'आबासाहेब दोन बायका'. 'लक्ष्मणराव लाइट'. 'भामा कामवाली दारुडा नवरा'. 'सौरभ घटस्फोट'. कोणाचं वाईट चिंतून तिनं हे लिहिलं नव्हतं. नावापुढे ओळखीची खूण लावायची, ही आपली सगळ्यांची सवय. आडनावं सारखी, नावं सारखी, मग माणूस त्याच्या दुकानावरून, दुखण्यावरून, नाहीतर भानगडीवरून ओळखायचा. एकेका फोनमधली ही खूण निरुपद्रवी असते. पण दरबारातल्या हजार फोनांतल्या हजार खुणा एका नंबरापुढे गोळा केल्या, की त्या माणसाचं अख्खं चरित्र तयार होतं. त्यानं स्वतः एक अक्षर सांगितलेलं नसलं तरी! त्रिवेणीनं फोन घरी ठेवला होता, पण सासूबाईंच्या फोनमध्ये सुनेचा म्हणून जो नंबर होता, तोच सुनंदाच्या फोनमध्ये होता, आणि ती शेजारणीच्या फोनमधून पकडली गेली होती. समोर नंबर आला की सेवकांनी आत बसून यंत्रात बघायचं आणि महाराजांना सांगायचं, एवढाच काय तो हिमालय.

"सासूला सांग की," सुनंदा म्हणाली.

"काय सांगू? थायरॉइड खोटं आहे म्हटलं, तर खरं काय ते विचारतील."

सुनंदानं विचारलं नाही. त्याबद्दल त्रिवेणी तिची जन्मभर ऋणी राहिली.

मग दोघींनी मिळून एक खोटं रचलं. ते असं हवं होतं, की महाराजांच्या तोंडून बाहेर पडताच तारामतीबाईंना स्वतःच कळावं, की हा माणूस वाटेल ते बोलतो. तारामतीबाई पाच बहिणींतल्या धाकट्या. भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला त्या गच्चीवर येऊन चंद्राला ओवाळत. आपल्याला भाऊ नाही, हे त्यांना जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं. सुनंदानं आपल्या फोनमध्ये त्यांचं नाव बदललं, 'तारामती हरवलेला भाऊ शोधते'. ॲप उघडलं, फुलं पडली आणि अक्षरं आली, 'आपल्या आप्तेष्टांत बदल झाला आहे. छत्र विस्तारले.' त्रिवेणीनं मांडलेलं गणित बिनचूक होतं. गणितात माणसाची आस धरायची राहून गेली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या दरबाराला त्रिवेणीची पिशवी भरलेली होती. हॉलच्या मागच्या दाराशी आश्रमाची व्हॅन उभी होती, आणि तिच्या काचा आतून कागद लावून बंद केलेल्या होत्या. विकास आज आत आला होता, पण नजर जमिनीवर होती. सुनंदा पलीकडच्या रांगेत फोन मुठीत धरून बसली होती.

महाराजांनी डोळे मिटले. टोपीवर हात दाबला. आणि एकदम तारामतीबाईंकडे वळले.

"माई, सुनेचं मागाहून. आधी तुझं. दिवाळी आली की तू एकटीच रडतेस. तुझा भाऊ हरवलाय."

तारामतीबाई गोंधळल्या. "भाऊ नाही महाराज मला. आम्ही पाची बहिणी."

"तुला सांगितलं नाही, माई." तोच सूर, तेच वाक्य. "तू पाळण्यात होतीस. जत्रेत हात सुटला लेकराचा. तुझ्या आईनं दुःखानं नाव टाकलं त्याचं."

आता आत्या उठतील, असं त्रिवेणीला वाटलं. तारामतीबाई उठल्या नाहीत. त्यांचे ओठ हलू लागले. साठ वर्षांची ती बाई पोरीसारखी पुढे सरकली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "आहे? जिवंत आहे का?"

"आहे. येत्या भाऊबीजेला तुझ्या पाटावर बसेल. पण सुनेचा दोष त्याची वाट अडवून उभा आहे. तिला आज इथून सोडलंस, की तो तिकडून निघाला म्हणून समज."

तारामतीबाईंनी त्रिवेणीचा हात धरला. ओढला नाही, नुसता धरला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "जा गं बाई. माझ्या भावासाठी जा."

सापळा त्रिवेणीनं लावला होता, आणि त्यात तीच सापडली होती. दोन सेवक रांगेच्या टोकाशी येऊन उभे राहिले. पलीकडे सुनंदानं मान खाली घातली. आता गप्प बसलं, की व्हॅन. बोललं, तर या बाईचा आताच सापडलेला भाऊ तिच्या डोळ्यांदेखत काढून घ्यायचा. त्रिवेणी उभी राहिली.

"आत्या, तो भाऊ मी केलाय. सुनंदाच्या फोनमध्ये लिहून."

"मौन," महाराज गरजले. "दरबाराचा भंग."

"तुम्ही बोलताच आहात, तर मीही बोलते," त्रिवेणी म्हणाली. ती लोकांकडे वळली. "मी गणिताची बाई आहे. मला चमत्कार कळत नाही, ताळा करून बघणं कळतं. तुम्हीही करा. शेजारी बसलेल्याला फोन लावा आणि त्याच्या फोनवर तुमचं नाव काय येतं ते वाचा. महाराजांनी तुम्हाला जे सांगितलं, तेच तिथे लिहिलेलं असेल."

कोणी हललं नाही. एका सेवकानं तिचं मनगट पकडलं. तेव्हा लक्ष्मणरावांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. शांतपणे चष्मा लावला आणि पुढच्या रांगेतल्या आबासाहेबांना फोन लावला. आबासाहेबांनी आपल्या फोनकडे बघितलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "लक्ष्मणराव लाइट."

"प्रकाशाचा पुत्र," मागून कोणीतरी म्हणालं आणि खुदकन हसलं.

मग एकदम शंभर फोन वाजू लागले. देवाची गाणी, सिनेमाची गाणी, कोंबड्याची बांग, सगळं एकाच वेळी. लोक एकमेकांच्या फोनांत डोकावू लागले. "मला 'चिकट काकू'? इतकी वर्षं माझ्या घरी जेवतेस, आणि मी चिकट?" "अहो, 'सुधीर मुतखडा' म्हणजे मीच ना?" आबासाहेबांनी शेजाऱ्याच्या फोनवर आपलं नाव वाचलं, आणि आपल्या पूर्ण आयुष्याचं दर्शन झाल्यासारखे ते खाली बसले. सुनंदा आता उठली होती. तिनं फोन उंच धरला. तारामतीबाईंच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते पुढच्या चार रांगांनी वाचलं.

महाराजांनी तातडीनं समाधी लावली.

"महाराज," लक्ष्मणराव त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "टोपी काढा जरा. उकडत असेल."

साधूला डोळे मिटून कान झाकायची गरज काय? पण महाराजांनी दोन्ही हातांनी कान गच्च धरले. पहिल्या रांगेतल्या बाईंना टोपीतून बारीक आवाज ऐकू आला, "निकलो उस्ताद, निकलो." उस्ताद निघाले. ज्या दारानं डेगा आत येतात, त्या दारानं महाराज बाहेर गेले, आणि काचा बंद असलेली ती व्हॅन त्यांच्याच कामी आली.

गलक्यात कट्ट्याच्या हर्षदनं त्रिवेणीला गाठलं. "वहिनी, मानलं. पण मग त्या गोळ्या कसल्या होत्या?"

आजूबाजूचे चार जण ऐकायला थांबले.

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," त्रिवेणी म्हणाली.

लोकांना ते आवडलं नाही. बुवाचं पितळ उघडं पाडणाऱ्या बाईनं स्वतःचं काही झाकून ठेवावं, हे त्यांना पटेना. तिनं कोणाला पटवायचा प्रयत्न केला नाही.

घरी तारामतीबाई बराच वेळ स्वयंपाकघरात बसून होत्या. त्रिवेणी जाऊन शेजारी बसली.

"चुकलं माझं, आत्या. दुसरं काही लिहायला हवं होतं."

"तेवढा वेळ होता तो," तारामतीबाई म्हणाल्या. "खरंच होता. मी त्याचं तोंड कसं असेल ते पण ठरवलं होतं."

त्रिवेणी रडली. मग रडता रडता तिनं सगळं सांगितलं. फळा, खडू, नल्लकुंट्याचा जिना, डॉक्टरीणबाई. कोणी ओळखलं म्हणून नव्हे, कोणी विचारलं म्हणूनही नव्हे. सांगावंसं वाटलं म्हणून.

"वेडाच्या गोळ्या?"

"मनाच्या. मला जगावंसं वाटत नव्हतं, आत्या."

तारामतीबाई उठल्या. देव्हाऱ्यामागे ठेवलेली पट्टी काढून त्यांनी सुनेच्या हातात दिली. "मला यातलं कळत नाही. पण तू आधी सांगितलं असतंस, तर मी चार जणींत बोलले असते, हे खरंय." त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "आता नाही बोलणार."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कृपाछत्र बंद झालं, तरी त्यातली नावं परत आली नाहीत. ती कोणाला विकली गेली, कुठल्या यंत्रात पडून आहेत, हे आज कोणीही सांगू शकत नाही. त्रिवेणीला अजून फोन येतात, 'मॅडम, थायरॉइडसाठी आमचा काढा घ्या.' कट्ट्यावर तिचा प्रश्न परत लागलेला नाही. हर्षदनं माफी मागितली, पण खासगीत. बुवा पळाला म्हणून आपण सुटलो, असं तिला एक दिवसही वाटलं नाही.

वाचणाऱ्यांनो, मनातलं ओळखणारा माणूस या जगात नाही. तुमच्याबद्दल कोणी खरं सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा, याला हे कळलं कुठून? आणि दुसरी गोष्ट. तुमच्या फोनमध्ये साठवलेली माणसं तुमच्या मालकीची नाहीत. त्यांची दुखणी, भानगडी, अडचणी त्यांनी विश्वासानं तुमच्या कानावर घातलेल्या आहेत. ती नावं कोणी मागितली, फुकट खेळाच्या नावानं मागितली, बक्षिसाच्या नावानं मागितली, अगदी देवाच्या नावानं मागितली, तरी ज्याचं नाव आहे त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. तुम्ही सहज एक बटण दाबाल, आणि कोणाच्या तरी घराला आतून कुलूप लागेल.